दुपारचा उंचवटा

सुमन,

परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. टेबलावर तुझा ओळखपत्रातला फोटो मोठा करून ठेवला होता, त्यात तू कुणावर तरी चिडल्यासारखी दिसतेस. भाषणं झाली. एका वक्त्यानं ‘कॉस्मिक’ऐवजी तुझं संशोधन ‘कॉस्मेटिक किरणां’वर होतं असं सांगितलं. मुलं हसलीसुद्धा नाहीत, कारण त्यांनाही फरक ठाऊक नव्हता. तू असतीस तर सभा संपल्यावर त्यांना व्हरांड्यात गाठून, आवाज न चढवता, दुरुस्ती करून दिली असतीस. माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

सगळे म्हणाले, तू शांत होतीस, मनमिळाऊ होतीस, कधी कुणाशी वाद घातला नाहीस. मी मान हलवत ऐकत होते. आपण दोघी दीड तपाहून जास्त काळ एकाच गोष्टीवरून भांडत होतो, हे तिथं कुणाला माहीत होतं? ते भांडण मिटलं नाही. माझं बोलणं अर्धवट राहिलं आणि तू गेलीस. म्हणून हे लिहितेय.

आपण एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो. तू भौतिकशास्त्र शिकवणार होतीस, मी संख्याशास्त्र. बाकीचे प्राध्यापक ठाण्याकल्याणहून यायचे, घड्याळाकडे बघत शिकवायचे आणि परत जायचे. भिवंडी तालुक्यातल्या आपण दोघीच. तू दिघाशीची, मी पूर्णाची. पहिल्या आठवड्यात तू माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसलीस आणि नाव-गाव काही न विचारता म्हणालीस, “तुमच्याकडे खाडी आहे ना? भरतीची वेळ रोज किती पुढे सरकते?” माझ्या वडिलांची खाडीकाठी खाऱ्या जमिनीत भातशेती होती. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी लावायची, हे त्यांना तिथीवरून कळायचं. मी सांगितलं, पाऊण तासाच्या आसपास सरकते. तुझा चेहरा खुलला.

“माझ्याकडेही एक भरती आहे,” तू म्हणालीस. “पण ती सरकत नाही. रोज दुपारीच येते. आणि दिसत नाही.”

त्या दिवशी तू मला तुझ्या कामात ओढलंस. आकाशातून, दूरच्या तारकांच्या पलीकडून, अखंड कण येत असतात. ते हवेवर आदळतात, त्यांचे तुकडे होतात, आणि ते तुकडे आपल्या छपरांतून, डोक्यांतून, पायाखालच्या जमिनीत जातात. दिवस असो की रात्र, चहूकडून जवळपास सारखेच. जवळपास, हा तुझा शब्द. कारण बारकाईनं मोजलं तर दुपारकडे ते किंचित वाढतात. हजारात दोन-तीन, इतकंच. सूर्य स्वतःभोवती फिरताना आपलं चुंबकीय क्षेत्र सोबत फिरवत नेतो, त्यात अडकलेले कण त्याच्याबरोबर गोल ओढले जातात आणि पृथ्वीला मागून येऊन गाठतात. पृथ्वीची जी बाजू त्यांच्याकडे असते तिथं ते जरा जास्त लागतात. आलेख काढला की दुपारच्या जागी एक लहानसा उंचवटा दिसतो. तो उंचवटा आपल्या इथं, भिवंडीत, केवढा आणि नेमका कधी, एवढंच तुला शोधायचं होतं. त्यावर तुझी पीएच.डी. होणार होती. दिघाशीच्या बौद्धवाड्यातली पहिली.

शहरात तुझ्या वडिलांनी निवृत्तीआधी बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं, पॉवरलूमच्या शेडांनी गच्च भरलेल्या गल्लीत. वडील गेल्यावर तू आणि आई, दोघीच. गच्चीवर तू पत्र्याची खोली उभी केली होतीस. आत काचेच्या नळ्यांचे तीन थर, एकाखाली एक. वरून आलेला कण तिन्ही थरांतून गेला तरच मोजायचा. मोजणाऱ्या आकड्यांच्या चाकांसमोर एक जुना कॅमेरा बांधलेला, तो दर तासाला आपोआप फोटो घ्यायचा. भिंतीवर हवेचा दाब मोजणारं यंत्र, कारण हवेचं ओझं वाढलं की कण कमी पोचतात, आणि हवेलाही तिची भरती-ओहोटी असते. ती आधी वजा करावी लागे. ती वजाबाकी माझ्या वाट्याला आली. रविवारी सकाळी मी पूर्णाहून यायची, आणि आई आधी मला खाली बसवून चहा पाजायची.

आईला तुझ्या यंत्राची काळजी वाटे. एकदा तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, खरं सांग. ह्ये किरण अंगाला बाधत तर न्हाय? हिचं अजून लगीन व्हायचं हाय.” मी म्हटलं, ते सगळ्यांनाच लागतात, यंत्र असो वा नसो. ती म्हणाली, “मंग मोजून काय करायचं?” तू जिन्यातून ऐकलं होतंस. पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न वर्गातल्या मुलांना विचारत राहिलीस.

रफीकभाई तुझ्या घरामागच्या शेडचे मालक. मालक म्हणजे मोजकेच लूम, आणि स्वतःही त्यावर उभे राहायचे. त्यांच्या कामगारांत अफवा उठली होती की गच्चीवरच्या मशीननं सूत तुटतं. ते तक्रार घेऊन वर आले. तू त्यांना स्टुलावर बसवलंस आणि यंत्राचा छोटा स्पीकर लावलास. टक, टक-टक, टक. त्यांनी विचारलं, हे कुठून येतंय? वरून, तू म्हणालीस. बंद होत नाही? नाही, कधीच नाही. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “फिर तो इसकी ड्युटी हमसे भी कड़क है.” त्यानंतर तक्रार आली नाही. उलट तुला व्होल्टेजचा त्रास होतो हे कळल्यावर, लाईट जाऊन आली की ते सगळे लूम एकदम सुरू न करता एकेक करून सुरू करायला लागले. त्यांच्या बायकोनं, जुबेदानं, ईदेला पाठवलेला शीरखुर्मा आपण गच्चीवर बसून खाल्ला होता. त्यात कोण किती काजू उचलतं यावरून तू माझ्याशी भांडलीस.

पण एका शेडनं काय होतं? गाव सगळं लूमचं. दुपारी कामगार खानावळीत जेवायला जात, बरेच लूम थांबत, आणि व्होल्टेज चढे. व्होल्टेज चढलं की तुझ्या नळ्या थोडं जास्त मोजत. त्यात पत्र्याची खोली दुपारी तापायची. म्हणजे ज्या वेळी आकाशाचा उंचवटा यायचा, त्याच वेळी गावाचाही यायचा, आणि कुठला कोणता हे वेगळं काढायची सोय नव्हती. तू स्टॅबिलायझर लावलेस, बॅटऱ्या लावल्यास, भिंतींना थर्माकोल चिकटवलंस; उष्मा आटोक्यात आला, व्होल्टेज नाही. लूमच्या सुट्टीचे दिवस वेगळे काढून पाहिले, पण ते विखुरलेले, आणि सगळं गाव एका दिवशी कधी थांबायचं नाही. मुंबईच्या तुझ्या गाईडनी एकदा आलेख पाहून हातातला चष्मा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, तुमचा उंचवटा आकाशाचा आहे की भिवंडीचा, ते आधी सिद्ध करा.” परत येताना एस.टी.त तू आलेखाची गुंडाळी मांडीवर धरून बसलीस. अंजूरफाटा आल्यावर म्हणालीस, “हे गाव एकदाच सलग काही दिवस थांबलं असतं ना, कुंदा.”

तो मे महिना चौऱ्याऐंशीचा होता. कॉलेजला सुट्टी होती. मी हिशेब घेऊन सकाळी तुझ्याकडे आले आणि गावात दंगल उसळून दुपारपर्यंत कर्फ्यू लागला. मला परत जाता येईना. पूर्णाला निरोप पाठवण्याचीही सोय नव्हती. घरचे काय समजले असतील या विचारानं मी पहिला दिवस नुसती खिडकीशी बसून काढला. गाव थांबलं होतं. वर्षानुवर्षं कानात बसलेली ती खटखट नाहीशी झाली आणि तुमच्या गल्लीत कावळे ओरडतात हे मला पहिल्यांदा कळलं. अधूनमधून कुठेतरी धावणारी पावलं. आकाशात एकाच बाजूला नव्हे, तर तीन-चार बाजूंना धूर.

दुसऱ्या दिवशी दुपारी धूर घरामागून आला. जुबेदा पोरीला कडेवर घेऊन मागच्या दारानं आत आली. तिच्या पायात चप्पल नव्हती. रफीकभाई शेडमध्ये गेलेत, एवढंच ती सांगू शकली. नवीन सूत गुंडाळलेले बीम आले होते, ते वाचवायला गेले. तू दाराकडे धावलीस. आईनं तुझा दंड धरला आणि सोडला नाही. तशी ताकद मी तिच्यात कधी पाहिली नव्हती. तिनं जुबेदाला आतल्या खोलीत ढकललं, मला म्हणाली पोरीला गप ठेव, आणि स्वतः पुढचं दार लावून उंबऱ्याच्या आत पाटावर बसली.

थोड्या वेळानं काही माणसं आली. दारावर थापा पडल्या. आत कोण कोण आहे, म्हणून विचारत होते. आईनं दार उघडलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “माझी माणसं हायत. माझ्या माणसांबिगर हितं कोनी न्हाय. तुमी जावा.” आवाज शेजारणीशी बोलावा तसा. मी त्या पोरीच्या तोंडावर हात ठेवून बसले होते आणि माझ्या तळव्याला तिचे दात लागत होते. ती माणसं गेली. का गेली, मला आजही सांगता येणार नाही.

शेड जळत असताना वर कॅमेरा चालूच होता. संध्याकाळी रोल बदलायला हवा, म्हणून तू वर गेलीस. खाली आलीस तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, गच्चीवरून तुला काही दिसलं. तू माझ्या कानाशी आलीस आणि पुटपुटलीस, “व्होल्टेजची सुई हलत नाहीये. कालपासून एकाच जागी आहे.” आणि लगेच आतल्या खोलीकडे पाहिलंस, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

रफीकभाईंचं प्रेत त्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. कर्फ्यूत दफनाला मूठभर माणसांना परवानगी होती. जुबेदा तुझ्या घरातून गेली नाही, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. कर्फ्यू सैल झाल्यावर तिचा भाऊ मालेगावहून येऊन तिला घेऊन गेला. गाव पुढेही कितीतरी दिवस थांबलेलंच होतं. तू रोज वर जाऊन रोल बदलत राहिलीस. मी म्हटलं, बंद ठेव थोडे दिवस. तू म्हणालीस, बंद केलं तर आणखी वाईट वाटेल. खरं सांगते, तेव्हा मला हे कळलं नव्हतं. बंद करायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त तुला उच्चारायचं नव्हतं, असं आता वाटतं.

कॉलेज सुरू झालं, रोल धुऊन आले. आपण दोघींनी आकडे उतरवले. हवेचा दाब वजा केला. वजाबाकी माझी होती, म्हणून उत्तर आधी मला दिसलं. त्या दिवसांचा आलेख मी काढला आणि पेन्सिल खाली ठेवली. खाली नुसती सपाट रेघ आली असती, तर तुझं सगळं काम भिवंडीच्या विजेचं ठरलं असतं. रेघ सपाट नव्हती. दुपारकडे ती सावकाश चढत होती आणि संध्याकाळी सावकाश उतरत होती. नेहमीच्यापेक्षा लहान, पण स्वच्छ, एकही खाचखळगा नाही. गाव थांबलं होतं आणि आकाश थांबलं नव्हतं.

मी प्रयोगशाळेत धावत आले. मुलं गेली होती, तू लंबक कपाटात ठेवत होतीस. मी म्हटलं, “सुमन, आकाशाचा आहे. भिवंडीचा नाही.”

तू आलेख घेतलास. उभ्यानं कितीतरी वेळ पाहिलास. मला वाटलं, आता तू मला मिठी मारशील. तू कागदाची घडी घातलीस.

“हे दिवस मी घेणार नाही.”

मला आधी समजलंच नाही. मग तू सांगितलंस. या काळात व्होल्टेज स्थिर का होतं, ते प्रबंधात लिहावं लागणार. लूम बंद होते. का बंद होते? मी म्हटलं, बंद होते एवढंच लिही, एका ओळीचं काम. तू म्हणालीस, “ती एक ओळ मला लिहिता येत नाही. त्यांची शेड जळली म्हणून माझा आलेख सुंदर आला, हे मला सोसत नाही.”

“आकाशाला दंगलीचं काय ठाऊक? त्यानं त्याचं काम केलं.”

“आकाशाचं चुकलं असं मी म्हणतच नाही.”

मग मी माझ्या विषयाचं हत्यार काढलं. म्हटलं, आवडले नाहीत म्हणून दिवस वगळता येत नाहीत, तोही खोटेपणाच आहे. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “आणि आवडले म्हणून घेता येतात?” याचं उत्तर त्यानंतर मी हजारदा शोधलं. बसमध्ये, स्वयंपाक करताना, पेपर तपासताना. वेगवेगळ्या शब्दांत तुला ऐकवलंही. दरवेळी तू ऐकून घ्यायचीस आणि विषय बदलायचीस.

मी अजूनही म्हणते, तू चुकलीस. मेलेल्या माणसाशी बोलताना नमतं घ्यायची पद्धत आहे. मी घेणार नाही, तुलाही ते आवडणार नाही.

तू सगळं पुन्हा सुरू करायचं ठरवलंस. यंत्र दिघाशीला चुलत्यांच्या घरी न्यायचं, तिथं लूम नाहीत. टेंपोत गाद्या घालून त्यावर नळ्यांच्या पेट्या ठेवल्या, आपण दोघी मागे बसलो, पेट्या हातांनी धरून. अंबाडीच्या नाक्याआधी चाक खड्ड्यात गेलं. आतून आवाज आला, बांगड्या फुटल्यासारखा. तू पेटी उघडून पाहिली नाहीस. ड्रायव्हर उतरून माफी मागत होता आणि तू त्याला म्हणत होतीस, तुमचा काही दोष नाही, रस्ताच असा आहे. वाचलेल्या नळ्यांवर तू दिघाशीत काम चालवलंस. तिथं लूम नव्हते, तशी वीजही धड नव्हती. नळ्या थोड्या, मोजणी थोडी, आणि हजारातला दोन-तीनचा फरक त्या थोडक्या मोजणीच्या गोंधळात बुडून जायचा. मी आकडे पुन्हा पुन्हा चाळले. उंचवटा असेलही, नसेलही. संख्याशास्त्रात याला एक सभ्य वाक्य आहे: फरक लक्षणीय नाही. ते तुला सांगताना मला रडू आलं होतं, आणि तू मला पाणी आणून दिलंस.

गाईड निवृत्त झाले. नव्या गाईडनी दुसरा विषय सुचवला. तू बघते म्हणालीस. नोंदणीची मुदत संपली. तुझ्यानंतर आलेले लोक डॉक्टर झाले, तुझ्या पुढे गेले, आणि तू वर्षानुवर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना लंबक मोजायला शिकवत राहिलीस. हे सगळं त्या न लिहिलेल्या एका ओळीमुळे, असं मी कितीदा म्हटलं असेल. तू म्हणायचीस, “ओळीमुळे नाही गं. खड्ड्यामुळे.” आणि हसायचीस. तुझं ते हसणं मला आवडायचं नाही.

आणि तुझ्याशी भांडत असतानाच माझं सगळं आयुष्य तुझ्या आधारानं चाललं होतं, हे मी कधी बोलले नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा काकूनं तुझ्यासाठी वेगळा कप काढला होता. तू तो ओळखलास, चहा प्यायलीस, आणि पुढच्या रविवारीही आलीस. पुढे काकूच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला औषधाचे थेंब घालायला रोज संध्याकाळी तूच यायचीस, कारण मला ते जमायचं नाही. ती शेवटपर्यंत ‘सुमन आली का’ म्हणून विचारत राहिली. कप कधी एक झाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. वडील वारले तेव्हा माझे तास तू घेतलेस, तुझ्या विषयाचे नसताना. मुलं सांगत होती, बाईंनी सरासरी शिकवताना आकाशच शिकवलं. यासाठी मी तुला कधी काही म्हटलं नाही. आपल्यात ते म्हणायची पद्धत नव्हती. आपल्यात भांडायची पद्धत होती.

तुझा आजार निघाला तेव्हा उशीर झालेला होता. मुंबईला किरणोपचारांसाठी जावं लागे. पहिल्या दिवशी त्या खोलीतून बाहेर येऊन तू म्हणालीस, “जन्मभर वरून येणारे मोजले, कुंदा. आता हे आडवे येणारे.” मी हसले नाही. घरी परतताना, तुझं डोकं माझ्या खांद्यावर असताना, मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, अजूनही पाठवता येईल, पदवीसाठी नाही, छोटासा शोधनिबंध. मी सगळं लिहून देते, तू नुसती सही कर. तुझे डोळे मिटलेले होते. तू म्हणालीस, “बघू.” आपल्या भाषेत बघू म्हणजे नाही. मी तो विषय मिटला असं धरून चालले, आणि त्यानंतर तुला कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी दिघाशीला तुझा जलदान विधी झाला. आईला आता फारसं ऐकू येत नाही. येईल त्याचा हात धरते आणि सोडत नाही. वंदना संपली, लोक जेवायला बसले, तेवढ्यात अंगणात एक स्कूटर थांबली आणि एका तरुणाच्या मागून एक पांढऱ्या केसांची बाई उतरली. मी ओळखलं नाही. आईनं ओळखलं. तिचा हात धरून आई पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

जुबेदा काही वर्षांपूर्वीच भिवंडीला परत आली होती, मुलीकडे राहते. मला हे माहीत नव्हतं. तुला होतं. नंतर ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. थंडीत तू तिच्याकडे गेली होतीस, एकटी, रिक्षानं. जिना चढताना दोनदा बसलीस. पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, त्या दिवसांची मोजणी माझ्याकडे आहे. तुमच्या शेडवरचं आकाश त्या दिवसांत कसं होतं, ते मला माहीत आहे. ते छापायचं तर शेड का बंद होती तेही लिहावं लागेल. तुम्हाला चालेल का?

“मैंने बोला,” जुबेदा म्हणाली, “मैडम, उन दिनों का हमारे पास कुछ लिखा हुआ नहीं है. फोटो भी सब जल गया. आपके पास कुछ है तो लिखो. उनका नाम भी लिखो.”

मी विचारलं, मग सुमन काय म्हणाली?

“गिलास नीचे रखा. फिर बोली, इतने साल पूछने की हिम्मत नहीं हुई. फिर पूछा, पूर्णा के लिए रिक्शा किधर से मिलेगा.”

त्यापुढचं मला जुबेदाकडून ऐकायची गरज नव्हती. थंडीतला तो दिवस मला आठवला. आमच्या शेताच्या जागेवर गोडाऊन बांधायला बघणारी मंडळी आली होती. ओसरीवर नकाशे पसरलेले, भाऊ, दलाल, चार-पाच अनोळखी माणसं, सगळे एकदम बोलत होते. तू दारात आलीस. शाल पांघरली होतीस, चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी होतं. मला वाटलं, ताप असेल. मी म्हटलं, अगं, अशा तब्येतीत कशाला आलीस, आणि तुला आतल्या पलंगावर बसवलं. मला बाहेरून हाक आली. मी गेले, सही कुठं करायची ते बघितलं, परत आले, पुन्हा हाक आली. तुझ्यासाठी केलेला चहा तू अर्धा प्यायलीस. मी विचारलं, काही काम होतं का? तू बाहेरच्या आवाजाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “नाही गं, सहज. आज तुझ्याकडे माणसं आहेत. पुन्हा येईन.” मी म्हटलं, भावाला सोडायला सांगते. तू म्हणालीस नको, आणि शाल सावरत, भिंतीला हात लावत, पायऱ्या उतरलीस. त्यानंतर तू अंथरुणातून उठली नाहीस.

ती माणसं कधीच गेली, सुमन. ओसरी रिकामी आहे. मी पेन घेऊन बसले आहे. बोल.